तीन म

नांदेडला आमच्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी लागते. यंदा शीर्षकाचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर पाहून नव्हे, 'पेंटरचा पोरगा' म्हणून. माझे अक्षर कसे आहे हे प्राध्यापक मंडळी उत्तरपत्रिकांमुळे पुरते ओळखून आहेत!

मी सोपा मार्ग धरला. संगणकावर 'कलम' नावाचा फाँट आहे. जाड मार्करने सहज जाता जाता लिहावीत तशी त्याची अक्षरे, मोकळी नि किंचित कललेली. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ साली काढला; त्यातली देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी रेखाटली. (नावच लिपी!) हलका, मध्यम, ठळक असा तीन जाडींत तो फुकट मिळतो. मी ठळक घेतला, 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' एवढे टंकले आणि मोठे छापून आणले. पोराने झोकात मार्कर फिरवला, असे सर्वांना वाटले. कौतुक झाले. मी ते नाकारले नाही.

पुढच्या रविवारी लातूरला घरी गेलो आणि अण्णांना त्याचा फोटो दाखवला. अण्णांची उमेदीची वर्षे गंजगोलाईतल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची, उमटलेल्या रेघेवर शिरोरेषा ओढायची, मग तिला एकेक अक्षर टांगायचे. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती ते कापून ठेवीत. कमल शेडगे यांनी हाताने काढलेल्या शीर्षकांवरून त्यांनी वळणे गिरवली. शेडगे २०२० साली गेले. तोवर अण्णांचे ब्रश डब्यात वाळून काठीसारखे झाले होते. फ्लेक्स आला, दहा फुटी फलक तासाभरात मिळू लागला, आणि अण्णा एका आडतीवर हिशेब लिहू लागले.

अण्णांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. म्हणाले, "अक्षर झकास आहे. पण हे तिळे कुठून आणलेस रं?"

मला कळेना. त्यांनी बोट ठेवले. मराठवाड्यातला म, मुक्तीतला म, संग्रामातला म. तिन्ही एका साच्यातले, केसाचाही फरक नाही. हाताने लिहिणाऱ्याला हे जमतच नाही. पहिला म नेटका येतो, दुसरा उकाराला जागा देत जरा वर सरकतो, शेवटच्यापाशी हात घाईला आलेला असतो.

मग मी सगळे सांगून टाकले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "मूळ अक्षर कुणीतरी हातानंच काढलं असंल की?"

मी नाव सांगितले.

"मग त्या बाईचं नाव टाक खाली. आम्ही पाटीच्या कोपऱ्यात टाकायचो."

सोमवारी अहमदपूर, लोहा करीत एस.टी.ने नांदेडला परतलो आणि थेट फलकापाशी गेलो. खऱ्या मार्करने, माझ्या त्याच कोंबडीच्या पायांनी, कोपऱ्यात लिहिले : 'अक्षरे : लिपी रावल'.

दुपारपर्यंत तिघांनी विचारले, ही मुलगी कोणत्या वर्गातली?