गच्चीवरचा तलाव

लोणावळ्यात राहून घरात तलाव विकत आणणे म्हणजे नागपुरात राहून संत्री बाहेरगावाहून मागवण्यासारखे आहे, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडे साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. वळवण आणि शिरवत्याचे जलाशय हाकेच्या अंतरावर. घाटाच्या कड्यावरून हेच पाणी खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली मुंबईसाठी वीज निर्माण केली. भुशीचे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांची तहान भागवण्यासाठी बांधले. इंजिने गेली, आता तिथे माणसांची जत्रा भरते. असे असूनही गेल्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर हवा भरून फुगवायचा एक निळा तलाव अवतरला. त्याचे कारण मात्र हसण्यासारखे नाही.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. तेव्हापासून "आजोबा, भुशीला न्या ना!" ह्या हट्टावर सौभाग्यवतींचे उत्तर ठरलेले असे. "पाण्यात खेळायचंय ना? मग घरच्या पाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत खेळा." सूनबाईंनी ते मनावर घेतले आणि सुट्टीला येताना मुंबईहून एक खोके आणले.

खोके शाळेच्या दप्तराएवढे. आतला तलाव दहा फूट लांब नि सहा फूट रुंद! पायाने दाबायच्या पंपाने आम्ही तो पाळीपाळीने फुगवला. माझ्या वाट्याला आलेल्या हवेपेक्षा माझ्या छातीतून गेलेली हवा जास्त असावी. नळाला पाइप लावणार, तोच आमचे शेजारी वर आले. ते निवृत्त ओव्हरसियर आहेत.

"पाणी किती भरणार?"

"दीड फूट," नातू म्हणाला.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडेमोड केली. "दहा गुणिले सहा गुणिले दीड, म्हणजे नव्वद घनफूट. घनफुटाला अठ्ठावीस लिटर. अडीच टन झाले की हो! गच्चीवर पाच-सहा खिलारी बैल बांधाल का तुम्ही?"

बैल म्हटल्यावर घरातले सगळेच गंभीर झाले. मग त्यांनी समजावून सांगितले. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला दीडशे किलो भार येईल, असे भारतीय मानकात धरलेले असते. पाणी जितके सेंटिमीटर उंच, त्याच्या दसपट किलो त्याचा दर चौरस मीटरचा भार. दीड फूट पाणी म्हणजे साडेचारशे किलो, सरळ तिप्पट! सहा इंचांनाच मर्यादा गाठली जाते, आणि उड्या मारणाऱ्या पोरांचे वजन वेगळेच. तेव्हा पाच इंच ठरले.

"पाच इंचांत पोहायचं कसं?" नातवाचा चेहरा उतरला.

"पोहायचं नाही बाळ, डुंबायचं," ओव्हरसियरसाहेब म्हणाले.

जागेचाही प्रश्न होता. मधोमध मांडला तर भार स्लॅबच्या पोटावर. कठड्याजवळ भिंतीचा आधार मिळतो खरा, पण तलावाच्या काठावर चढलेले पोर कठड्याच्याही वर डोकावते. शेवटी जिन्याच्या खोलीच्या भिंतीलगत, जुनी सतरंजी अंथरून, तलाव स्थिरावला. धाकटी नात दोन वर्षांची. इतक्या लहान मुलाला वीतभर पाणीही पुरते, आणि ते आवाज न करता बुडते. म्हणून मोठे माणूस शेजारी बसल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचे नाही, आणि पोरे खाली आली की जिन्याच्या दाराला कुलूप. किल्ली सौभाग्यवतींच्या कमरेला.

सातशे लिटर पाणी भरले. तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई वाळत घातलेले कपडे काढायला वर आल्या. त्या पवन मावळातल्या. क्षणभर पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "एवढं पाणी पोरांच्या पायांना?" बोलण्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला आणि तिघे प्राणाला मुकले. डोंगरभर पाऊस पडणाऱ्या ह्या मुलखात पाणी कुणाचे, हा प्रश्न रक्ताने लिहिला गेला आहे. आमच्या हौसेचे सातशे लिटर त्यापुढे थेंबाएवढे. पण थेंब झाला तरी तो त्याच पाण्यातला.

सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी फर्मान काढले. पाण्यात साबण नाही, औषध नाही. दोन दिवस खेळून झाले की ते सारे पाणी बादल्यांनी खाली न्यायचे. त्यातून डासांची पैदास टळेल, अंगण धुतले जाईल, संडासाला पाणी होईल आणि उरलेले चिकूला नि जास्वंदीला मिळेल. नेणार कोण? ज्यांनी खेळ केला ते! पंचेचाळीस-पन्नास बादल्या जिन्यावरून उतरवताना नातवाची पहिल्याच दिवशी कंबर धरली. दुसऱ्या खेपेला त्याने आपण होऊन पाणी चार इंचच भरले.

जूनमध्ये तलावाची घडी करून तो माळ्यावर गेला आणि पोरे मुंबईला गेली. परवा नातवाचा फोन आला. "आजोबा, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीत किती बैल मावतात हो?"

ओव्हरसियरसाहेबांना विचारून कळवतो, असे मी त्याला सांगितले आहे.