उन्हात वाचता येईल असा पडदा

समीक्षेत आपण 'वाचनीयता' हा बहुधा संहितेचा गुण मानतो. वाचक कोठे बसला आहे आणि त्याच्या पानावर कोणता उजेड पडला आहे, याची दखल घेण्याची गरज आपल्याला वाटत नाही. ही सवय छापील कागदाने लावली आहे. कागद स्वतः उजळत नाही. पडलेला उजेड तो परत करतो. ऊन वाढले की पान अधिक स्वच्छ दिसते. पडद्यावरच्या अक्षरांना मात्र उन्हाशी झगडावे लागते, आणि बहुधा ती हरतात.

हा फरक आमच्या नीट ध्यानात आला तो वेसावे कोळीवाड्यातल्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. वडिलांच्या छोट्या होडीसाठी त्याला जीपीएस यंत्र घ्यायचे होते. इंग्रजी माहितीपत्रके पुढे ठेवून त्याने विचारले, "सर, यातलं 'निट्स' म्हणजे काय?" होडीला केबिन नाही, सुकाणूपाशी सावली नाही. ओहोटीला खाडीच्या मुखाशी पाणी उथळ होते. नेमक्या त्या वेळी पडदा दिसला नाही, तर होडी रुतण्याचे भय. मोबाइल भर दुपारी फिका पडे आणि तापला की आपली चमक आपणच आणखी कमी करी.

निट हे पडद्याच्या तेजाचे माप आहे : एका चौरस मीटरमागे एक कँडेला. घरातल्या संगणकाला २५०-३०० निट पुरतात. उघड्या होडीवर १००० किंवा अधिक असावेत असे सांगतात. कारण वर्गातल्या बाकावर ४००-५०० लक्स उजेड असतो, तर भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,०००. पण नुसते तेज वाढवून भागत नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. काच आणि पडदा यांमधली हवेची फट पारदर्शक चिकट द्रव्याने भरलेली असेल, तर आतले प्रतिबिंब कमी होते आणि तिथे बाष्पही धरत नाही. शिवाय तेज वाढले की बॅटरी लवकर उतरते.

दुसरी जात 'ट्रान्सफ्लेक्टिव्ह' पडद्यांची. त्यांच्या पाठीशी अंशतः परावर्तन करणारा थर असतो. बाहेरचे ऊन आत जाऊन परतते आणि तेच चित्र उजळते. ऊन चढेल तसा हा पडदा अधिक स्पष्ट होतो. रंग थोडे मळकट, घरात पाहिला तर निस्तेज. पण वृत्ती कागदाची. आम्हांला तो आवडला यात नवल नाही.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मात्र हा निवाडा करता येत नाही. यंत्र बाहेर उन्हात धरावे, तिरके करून पाहावे. पोलराइज्ड गॉगल वापरत असल्यास तो घालूनच पाहावे. काही पडदे विशिष्ट कोनात त्यातून पार काळे दिसतात. आणि रात्रीसाठी पडदा किती मंद होतो, तेही तपासावे. पहाटेच्या अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटे लागतात. एक झगझगीत पडदा ती कमाई क्षणात घालवतो. ओल्या हातांसाठी स्पर्शापेक्षा बटणे बरी.

त्याने अखेर लहान, बटणांचा, ट्रान्सफ्लेक्टिव्ह पडदा निवडला. मोठ्या रंगीत नकाशाचा मोह त्याने सोडला, कारण त्याला हवे होते ते थोडेच : आपले ठिकाण, दिशा, आणि डोल लावल्याची जागा. ही जागा त्याचे वडील किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ओळखत आले. आता उंच इमारतींआड त्यांतल्या काही खुणा दिसेनाशा झाल्या आहेत. उरलेल्या त्याने वडिलांकडून वहीत उतरवून घेतल्या आहेत. यंत्राची बॅटरी संपली, तर ती वही उपयोगी पडेल.

संहिता वाचनीय आहे की नाही, हे एकट्या संहितेला ठरवता येत नाही. आमच्या वर्गात हे विधान सिद्धान्त म्हणून शिकवले जाते. उघड्या होडीत ते रोजच्या सुखरूप परतण्याशी जोडलेले आहे.