बातमीच्या मागे: अंब्वाज ते सँ-क्लू

सोळाव्या शतकात फ्रान्सचा दरबार एका गावात ठाण मांडून बसत नसे. राजा, राण्या, मंत्री, परदेशी वकील, आचारी, शिकारी कुत्रे आणि हजारो घोडे असा सगळा बाडबिस्तरा एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात, बराच काळ ल्वार नदीच्या आसपास, हलत राही. व्हेनिसचा वकील मारिनो जुस्तिनियान याने १५३५ मध्ये तक्रारच नोंदवली की आपल्या साऱ्या मुदतीत हा दरबार सलग पंधरा दिवस एका जागी राहिला नाही. अशा वकिलांचे खरे काम बातमी गोळा करण्याचे होते. राजाच्या शयनगृहात कोण शिरला, कोणाला दारातच थांबवले, रात्री राजाला ताप होता का, हे सारे सांकेतिक लिपीत लिहून घोडेस्वाराच्या हाती मायदेशी जाई. राजाच्या देहाशी किती जवळीक, यावर माणसाची सत्ता ठरत असे. म्हणून दाराआडची कुजबुजही राजकारणच होती.

या दरबाराचा माग काढताना मी अंब्वाज, शेनाँसो, ब्लुआ असा क्रम धरला. शेवट मात्र पॅरिसच्या वेशीवर झाला.

अंब्वाजचे स्टेशन नदीच्या उत्तर काठाला आहे. मधले बेट आणि दोन पूल ओलांडले की समोर वाड्याची उंच तटबंदी येते. मूळ वाड्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. उरला तेवढाही डोळ्यांत भरतो. त्याच्या जाडजूड मिनीम बुरुजात पायऱ्या नाहीत, गोल फिरत वर जाणारा उतार आहे. स्वार घोड्यावरून न उतरता थेट वरच्या चौकात पोचे. निरोप्याची धाप वाचवणारा इतका चोख बंदोबस्त क्वचितच पाहायला मिळतो. याच वाड्यात १४९८ मध्ये आठवा चार्ल्स दाराच्या चौकटीवर डोके आपटून मेला. १५३४ च्या ऑक्टोबरात कॅथलिक प्रार्थनाविधीची निंदा करणारी छापील पत्रके एका रात्रीत अनेक शहरांत लागली, तेव्हा त्यांतले एक थेट पहिल्या फ्रान्स्वाच्या शयनगृहाच्या दारावर सापडले. मजकुरापेक्षा राजाला जास्त झोंबली ती ती जागा. तिथवर हात पोचलेला माणूस दरबारातलाच असणार, हे उघड होते.

पण अंब्वाजचे नाव इतिहासात गाजले ते मार्च १५६० च्या कटामुळे. आदल्या वर्षी दुसरा हेन्री भाल्याच्या खेळात जखमी होऊन मेला होता आणि गादीवर त्याचा मुलगा दुसरा फ्रान्स्वा बसला होता. वय सोळा, प्रकृती तोळामासा. त्याची राणी स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट, आणि तिचे दोन मामा म्हणजे ड्यूक ऑफ गीझ फ्रान्स्वा आणि लोरेनचा कार्डिनल शार्ल. राज्याची सूत्रे या मामांच्या हातात गेली. ते कट्टर कॅथलिक. त्यामुळे ह्यूगनॉ, म्हणजे फ्रान्सचे प्रॉटेस्टंट, आणि बाजूला सारले गेलेले सरदार एकत्र आले. राजाला ताब्यात घ्यायचे आणि गीझ बंधूंना पकडायचे, असा बेत ला रनोदी नावाच्या सरदाराने रचला. पॅरिसमध्ये तो आवनेल नावाच्या वकिलाच्या घरी उतरला होता. हा वकील कोर्टकचेरीतला, दरबारातला नव्हे. यजमानाला बेत कळला, तो घाबरला आणि त्याने तो फोडला.

बातमी मिळताच दरबार ब्लुआहून अंब्वाजला हलला, कारण हा वाडा लढवायला सोपा. कटवाले लहान लहान टोळ्यांनी जंगलातून येत होते आणि येतील तसे पकडले जात होते. १९ मार्चला ला रनोदी झटापटीत ठार झाला. मग शिक्षा सुरू झाल्या. नदीकडच्या सज्जाच्या लोखंडी कठड्यावर माणसे फाशी दिली गेली, कित्येकांना ल्वारमध्ये बुडवले. तो सज्जा आजही आहे. खालच्या रस्त्यावरून पाहिले तर तो अगदी गावाच्या तोंडावर येतो. दहशत सर्वांना दिसावी, हाच हेतू होता. पुढे नावारूपाला आलेला प्रॉटेस्टंट कवी आग्रिपा दोबिन्ये तेव्हा आठ वर्षांचा होता. वडिलांनी त्याला इथली छिन्न मुंडकी दाखवून सूड घेण्याची शपथ घातली. गीझ घराण्याला बातमीने वाचवले खरे, पण तीनच वर्षांत, १५६३ मध्ये, ऑर्लेआँच्या वेढ्यात एका ह्यूगनॉने ड्यूकला गोळी घातली. त्याचा मुलगा आंरी तेव्हा बारा वर्षांचा होता.

शेनाँसोला मी अर्धाच दिवस दिला. शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला हा वाडा देखणा आहे, पण त्याची राजकीय कथा चार ओळींची. दुसऱ्या हेन्रीने तो आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला होता. तो मरताच राणी कॅथरीन द मेदिची हिने दियानला शोमाँचा वाडा देऊन हा परत घेतला आणि दियानने बांधलेल्या पुलावर लांबलचक दालन चढवले. एरवी संयमी असलेल्या कॅथरीनने उघड उघड हिशेब चुकवल्याची ही एक जागा.

ब्लुआला रेल्वेने अंब्वाजहून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. इथला वाडा म्हणजे चार शतकांची बांधकामे एकाच चौकाभोवती: तेराव्या शतकातले सभागृह, बाराव्या लुईची विटांची इमारत, पहिल्या फ्रान्स्वाचा कोरीव उघडा जिना आणि सतराव्या शतकातली गास्ताँ दोर्लेआँची बाजू. १५१० मध्ये फ्लॉरेन्सचा वकील म्हणून मॅकियाव्हेली याच गावी आला होता. पहिल्या मजल्यावर कॅथरीनची लाकडी कोरीव तक्त्यांची खोली आहे. तक्त्यांमागे चोरकपाटे, आणि ती उघडायची कळ खाली, पायाने दाबायची. कादंबरीकारांनी तिथे विषाच्या बाटल्या ठेवल्या. कागदपत्रे आणि मौल्यवान वस्तू असाव्यात, हे जास्त पटते. दरबारात विषापेक्षा पत्राला जास्त जपावे लागे.

वरच्या मजल्यावर राजाच्या खोल्या. १५८८ मध्ये इथे कॅथरीनचा मुलगा तिसरा हेन्री राहत होता आणि त्याची अवस्था केविलवाणी होती. आंरी द गीझ आता कॅथलिक लीग या कट्टर कॅथलिकांच्या गटाचा पुढारी होता. स्पेनचा दुसरा फिलिप लीगला पैसा पुरवत होता. १२ मे रोजी पॅरिसकरांनी रस्त्यांत अडथळे उभारले आणि राजाला आपल्याच राजधानीतून पळावे लागले. उन्हाळ्यात स्पेनच्या आरमाराचा धुव्वा उडाल्याची बातमी आली, तेव्हा त्याला थोडा धीर आला. सप्टेंबरात त्याने आईच्या विश्वासातले मंत्री एका फटक्यात काढले आणि ऑक्टोबरात ब्लुआच्या सभागृहात धर्मगुरू, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांची सभा भरवली. सभा निघाली गीझच्या बाजूची.

डिसेंबरात कुजबुज वाढली. गीझला एकाहून अधिक इशारे मिळाले. एक चिठ्ठी जेवणाच्या रुमालाखाली ठेवलेली होती आणि ‘हिंमत होणार नाही’ एवढे लिहून त्याने ती टाकून दिली, असे सांगतात. बापाला एका भित्र्या वकिलाच्या बातमीने वाचवले. मुलाकडे बातम्यांची रीघ होती आणि त्याला त्यांची किंमत वाटली नाही.

२३ डिसेंबरला पहाटे मंत्रिमंडळाची बैठक बोलावली होती. राजाने बोलावल्याचा निरोप गीझला तिथेच मिळाला. १५८५ मध्ये हेन्रीने दरबाराचे कडक नियम केले होते: कोणी कोणत्या खोलीपर्यंत यायचे, हे दर्जानुसार ठरलेले. त्यामुळे ड्यूक आत एकटाच गेला आणि दार मागे बंद झाले, यात कोणाला वावगे वाटले नाही. शयनगृहात राजाच्या ‘पंचेचाळीस’ अंगरक्षकांपैकी काही जण उभे होते. त्यांनी आधी मुजरा केला, मग खंजीर काढले. माझ्या मते हा खून शिष्टाचारानेच सोपा केला. गीझला जिथे बोलावले होते ती जुनी खोली आज उरलेली नाही. दालनात लावलेली चित्रे पाहून माणसे कल्पना करतात, आणि चित्रे एकोणिसाव्या शतकातली आहेत.

दुसऱ्या दिवशी ड्यूकचा भाऊ, कार्डिनल असलेला, तोही मारला गेला. प्रेते जाळून राख ल्वारमध्ये टाकली, कारण थडगे झाले असते तर तिथे यात्रा भरली असती. खालच्या मजल्यावर कॅथरीन आजारी होती. ५ जानेवारी १५८९ ला ती वारली. नाताळाच्या सुमारास बातमी पॅरिसला पोचली आणि शहर पेटले. ७ जानेवारीला सॉर्बोनच्या धर्मपंडितांनी प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. राजापुढे आता एकच वाट होती: प्रॉटेस्टंट असलेल्या नावारच्या हेन्रीशी तह. दोघांनी मिळून पॅरिसकडे कूच केले.

सँ-क्लूला मी पॅरिसहून गेलो. राजाने तळ दिला ते घर पुढे राजवाडा झाले, तो १८७० च्या युद्धात जळला आणि नंतर अवशेषही पाडले गेले. आता तिथे हिरवळ आहे. १ ऑगस्ट १५८९ च्या सकाळी जाक क्लेमाँ नावाचा तरुण डोमिनिकन संन्यासी इथे आला. त्याच्याजवळ राजासाठी पत्र होते, आणि एक बातमी फक्त राजाच्या कानात सांगायची आहे, असे तो म्हणाला. हेन्रीने पहारेकऱ्यांना मागे सरायला सांगितले. तो पत्र वाचायला लागला तेव्हा क्लेमाँने बाहीतला सुरा त्याच्या पोटात खुपसला. दुसऱ्या दिवशी पहाटे राजा मेला, आणि व्हालवा घराणे संपून नावारचा हेन्री गादीचा वारस झाला.