पहिला गोळा

पॅटन रणगाडा कागदावर आमच्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा सरस होता. ९० मिलिमीटरची तोफ, अंतर मोजायला स्टिरिओस्कोपिक रेंजफाइंडर आणि त्या अंतरानुसार तोफेची उंची ठरवून देणारं यांत्रिक गणकयंत्र. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन खेमकरणच्या बाजूने आत घुसली ती हे रणगाडे घेऊन. समोर आपल्याकडे होते डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शर्मन, आठव्या लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स आणि थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन. ८ ते १० सप्टेंबर असल उत्तरच्या उसाच्या फडांत लढाई चालली. ती संपली तेव्हा पाकिस्तानने नव्वदाहून जास्त रणगाडे गमावले होते. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात येणारी मंडळी पॅटनपाशी हमखास थांबतात आणि विचारतात, हे धूड फुटलं कसं? याची उत्तरं पुस्तकांत मिळतात. चौथ्या माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी केली होती. शेतांत पाणी सोडल्यामुळे पॅटन चिखलात रुतले. चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदने जीपवरच्या तोफेने रणगाड्यामागून रणगाडा फोडला आणि तो तिथेच कामी आला. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण माझी सगळी उमेद रणगाड्याची तोफ चालवायला शिकण्यात आणि शिकवण्यात गेली, म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. सापळ्यात आलेल्या रणगाड्यावरही कुणीतरी नेम धरावा लागतो, आणि समोरच्याच्या आधी धरावा लागतो.

मी फौजेत आलो तो १९७१ च्या युद्धानंतर. असल उत्तरची लढाई लढलेली माणसं तेव्हा रेजिमेंटांमध्ये होती, आणि त्यांच्यातलेच काही नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये आमचे उस्ताद होते. युद्धाच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. आम्ही विचारलं तर म्हणायचे, “साब, पहले बोअरसाइट कर लो।” तोफेच्या तोंडावर ग्रीस लावून दोन काळे दोरे फुलीसारखे ताणायचे, मागून ब्रीचमधून, म्हणजे गोळा भरतात त्या तोंडातून, डोळा लावून ती फुली लांबच्या एखाद्या खांबाच्या कोपऱ्यावर आणायची आणि मग गनरची दुर्बीण त्याच कोपऱ्यावर जुळवायची. काम कंटाळवाणं. आमच्या सरावाच्या के. के. रेंजच्या खडकाळ माळावर रणगाडा तासभर उधळला की ही जुळणी हलते, दुपारच्या उन्हाने नळी तापली की पुन्हा फरक पडतो. म्हणून ते रोज करायचं, दिवसातून दोनदा करायचं, कुणी बघत नसतानाही करायचं. उस्तादांनी हे आमच्या हाडीमाशी रुजवलं. तेव्हा राग यायचा. आज मला वाटतं, लढाईबद्दल मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या दोऱ्यांनीच शिकवलं.

लोडरचं काम याहून अवघड. बुटक्या, अंधाऱ्या बुरुजात, रणगाडा धावत असताना, जड गोळा उचलून ब्रीचमध्ये ढकलायचा. हाताची मूठ घट्ट मिटून ढकलायचा, कारण बोटं उघडी राहिली तर ब्रीच ती ठेवत नाही. ‘लोडेड’ असा त्याचा आवाज आला की गनरने निशाण धरायचं, त्याच्या ‘ऑन’ला कमांडरने ‘फायर’ म्हणायचं. यातल्या प्रत्येक शब्दामागचा वेळ उस्ताद घड्याळ लावून मोजत. एखाद्या सेकंदाची कसर राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून.

हा सेकंद एवढा मोलाचा का, ते सेंच्युरियनच्या तोफेवरून सांगतो. तिचा चिलखत भेदणारा सॅबो गोळा सेकंदाला चौदाशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. आठशे मीटरवर पोहोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो दीड-पावणेदोन मीटर खाली येतो. पॅटनची उंची तीन मीटरच्या वर. म्हणजे दुर्बीण आठशेवर लावून ठेवली आणि शत्रूच्या मधोमध नेम धरला, तर तो चारशेवर असो की हजारावर, गोळा हातभर वरखाली होऊन अंगावर बसतोच. अंतर मोजत बसायची गरजच उरत नाही. पॅटनचा रेंजफाइंडर मात्र दोन्ही डोळ्यांच्या खोलीच्या जाणिवेवर चालायचा. तो अचूक होता, पण त्याला तयार डोळा लागायचा, महिनोन्‌महिने सराव लागायचा. उसाच्या फडातून रणगाडा अचानक काही शे यार्डांवर उभा राहतो तेव्हा मोजमापाला सवड कुठली? यंत्र चांगलंच होतं. ते वापरणाऱ्यांच्या हातात ते पुरतं मुरलेलं नव्हतं, असं माझं मत आहे, आणि पाकिस्तानी शिपायाच्या धैर्याला मी यात कणभरही उणं लेखत नाही.

शर्मनची गोष्ट निराळी. त्याची तोफ पॅटनच्या समोरच्या चिलखतावर फारशी चालणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मग उपाय एकच. उसात इंजिन बंद करून दबा धरायचा, शत्रूला पुढे जाऊ द्यायचं आणि बगलेत मारायचं. इथे घाईने उडवलेला पहिला गोळा म्हणजे स्वतःची जागा दाखवून देणं. डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, पुढे भूदलाचे सरसेनापती झाले ते. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं. जुन्या शर्मनवर पॅटनसमोर थांबून राहण्याची शिस्त एका दिवसात येत नाही. ती शांततेच्या काळात मुरवलेली असावी लागते, आणि त्यांच्या रेजिमेंटमध्ये ती होती.

असल उत्तर ही जिंकलेली लढाई होती, ते सबंध युद्ध नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. आधी ६ सप्टेंबरला हीच चौथी माउंटन डिव्हिजन पुढे जाऊन मागे हटली होती. खेमकरण गाव शस्त्रसंधीनंतरही ताश्कंद करार होईपर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात राहिलं. सियालकोटच्या बाजूला फिल्लोरा आपण घेतलं, चाविंडा घेता आलं नाही. मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर तिथेच, १६ सप्टेंबरला, बुतूर डोगरांदी इथे पडले. हात जखमी असूनही त्यांनी मागे जायला नकार दिला होता. आपल्या यशाचं वर्णन करताना या गोष्टी वगळल्या तर नव्या अधिकाऱ्याला काहीच शिकवता येत नाही.

१९७१ मध्ये वैद्य ब्रिगेडियर होते, सोळाव्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख. शकरगढच्या भागात बसंतर नदीपलीकडे सुरुंगांचा रुंद पट्टा होता. इंजिनिअर रात्रभर गोळीबारात वाट मोकळी करत होते. पण पलीकडे गेलेल्या पायदळाला रणगाड्यांची तातडीची गरज होती आणि वाट पुरी झालेली नव्हती. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांनी अर्धवट साफ झालेल्या पट्ट्यातून रणगाडे पुढे काढले. १६ डिसेंबरला पाकिस्तानच्या आठव्या आर्मर्ड ब्रिगेडने एकामागून एक हल्ले चढवले आणि त्यांच्या रणगाड्यांचा तिथे चुराडा झाला. हनूत सिंग यांना महावीरचक्र मिळालं, वैद्य यांना दुसऱ्यांदा. हेच हनूत सिंग पुढे नगरच्या आमच्या स्कूलचे कमांडंट झाले.

बसंतरच्या त्या दिवशी पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म पुण्यातला. कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झाले होते आणि नगरला यंग ऑफिसर्सचा कोर्स चालू असताना त्यांना रेजिमेंटमध्ये परत बोलावलं गेलं. त्यांच्या ‘फामागुस्ता’ रणगाड्याला आग लागली होती, मागे येण्याचा हुकूम होता. तोफ अजून चालते आहे, असं त्यांनी रेडिओवर कळवलं आणि ते लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

‘फामागुस्ता’ आज नगरच्याच सेंटरमध्ये जतन केलेला आहे. नवीन मुलांना मी तिथे घेऊन जायचो तेव्हा शौर्याबद्दल थोडं बोलायचो, ते त्यांना ठाऊक असायचं. मी त्यांना सांगायचो, चौघांच्या या रणगाड्यात त्या उत्तरामागे एक गनर होता आणि एक लोडर होता. आग लागलेल्या रणगाड्यात मूठ मिटून गोळा ढकलायला लोडरच्या हाताला सवय असावी लागते. ‘तोफ चालते आहे’ हे वाक्य सकाळी कुणीतरी बोअरसाइट केलं होतं म्हणून अर्थपूर्ण ठरतं.

आता लेझर अंतर मोजतं, उष्णता टिपणारी दुर्बीण रात्री दिवसासारखं दाखवते, सिम्युलेटरवर मुलं गोळे वाचवून शिकतात. हे सगळं हवंच. माझा आग्रह एवढाच आहे की प्रत्यक्ष रेंजवर खरे गोळे डागण्याची संधी कमी करू नये. खर्चाचा हिशेब करताना सरावाच्या गोळ्यांकडे पहिल्यांदा बोट जातं. सिम्युलेटरमध्ये धूर डोळ्यांत जात नाही, रिकाम्या काडतुसाचा चटका बसत नाही, तोफेच्या धक्क्याने दुर्बिणीवरून कपाळ उडत नाही. त्या धक्क्यानंतर डोळा पुन्हा जागेवर आणून आपला गोळा कुठे पडला हे बघणं आणि दुसरा अचूक टाकणं, हे खऱ्या गोळ्यांवरच शिकता येतं. दर वर्षी, प्रत्येक गनरला, पुरेसे.