गाडी विकली का, मास्तर?

रविवारी फजरची नमाज झाली की मी सायकल काढतो. शहापुरात राहणाऱ्या, दारात मोटारसायकल असलेल्या माणसाने सायकलवर मुरबाडकडे का जावे, याचे लोकांना सुरुवातीला हसू आले. मग काळजी वाटू लागली. सापगावच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बसणारे एक गृहस्थ महिनाभर गप्प राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"गाडी विकली का, मास्तर?"

"नाही. घरी आहे."

"मग ही?"

"अशीच. फिरायला."

"फिरायला?" त्यांनी शेजारच्याकडे पाहिले. पुढच्या आठवड्यात माझे कर्जाचे हप्ते थकल्याची बातमी बायकोच्या कानावर आली.

याचे मूळ एका फिल्ममध्ये आहे. शाळेतल्या एका सहकाऱ्याने ती मोबाइलवर दाखवली होती. दक्षिण स्पेनमध्ये पुएर्तो सेरानो ते ओल्व्हेरा अशी छत्तीस किलोमीटरची एक वाट आहे. ती मुळात रेल्वेसाठी १९२०च्या दशकात बांधायला घेतली. डोंगरातून तीस बोगदे खोदले, पूल उभे केले आणि गाडी काही कधी धावली नाही. आता तिथे माणसे सायकलने जातात. मोटारींना बंदी. दोन्ही बाजूंना जैतुनाच्या बागा, उन्हात पांढरी गावे, आवाज फक्त चाकाचा. ती शांतता अनुभवायला दूरदूरच्या देशांतून पैसे खर्चून लोक येतात.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा मुलूख परका नाही. आमच्या पुस्तकांत तो स्पेन नसतो, अंदलूस असतो. कॉर्दोबा म्हणजे कुर्तुबा, ग्रानादा म्हणजे गरनाता. इक्बाल १९३३ मध्ये तिथे जाऊन आले आणि कुर्तुब्याच्या मशिदीवर त्यांनी जी नज्म लिहिली, ती वाचून आमच्यापैकी निम्मे लोक न पाहिलेल्या गावासाठी उसासे टाकायला शिकले. मीही टाकले. ग्वादाल्किव्हिर नदीच्या नावात 'वादी-अल-कबीर' लपलेली आहे, हे वर्गात सांगताना माझा आवाज चढतो, असे मुलेच म्हणतात.

फिल्म पाहून झाल्यावर मनात आले, अंदलूसचे एवढे ठाऊक आहे, मग किन्हवलीचे काय? शहापुरात जन्मलो, पण किन्हवलीच्या पुढचा रस्ता एसटीच्या खिडकीतून दोनतीनदा पाहिलेला. आणि नदीच्या नावात अरबी शोधायला स्पेनला कशाला जायला हवे? आमचा कुणबी शेतकरी खरीप म्हणतो, रब्बी म्हणतो. खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत, हे अरबी त्याला कुणी शिकवले नाही. मशक्कत करून तो शेताची मशागत करतो. ही साखर काही माझ्या वर्गात चढ्या आवाजात वाटली गेली नव्हती.

सायकलवाल्याला मुरबाडला जायचे दोन रस्ते. लेनाडवरून जाणारा जवळचा. पण शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली राष्ट्रीय महामार्गाचे काम निघाल्यापासून तिकडे डंपरांचे राज्य आहे. म्हणून मी किन्हवलीवरून सरळगावला निघतो आणि तिथून कल्याण-माळशेज रस्त्याच्या कडेकडेने, जीव मुठीत धरून, मुरबाड गाठतो. सरळगावपर्यंतची वाट मात्र माझी. सापगावला भातसा ओलांडायची. या नदीचे पाणी वर धरणात अडवून मुंबईला जाते आणि मार्च संपता संपता आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरू लागतात. पूल ओलांडला की मागे माहुलीचे सुळके, पुढे खाचरे. उन्हाळ्याच्या तोंडी राब भाजल्याचा वास असतो. चढ आला की उतरून चालतो. बावीस गिअरची सायकल आपल्याकडे नाही. एखाद दुसरा टेम्पो, दुधाची मोटारसायकल, बाकी सामसूम.

पण ही सामसूम त्या फिल्मसारखी नाही. तिथे सायकलवाल्याला कुणी काही विचारत नव्हते. इथे बांधावरून हाक येते, "कुठलं रं तू? कुणाचा?" मोटारसायकलवरून गेलो तर कुणी विचारणार नाही, तोवर मी पुढे गेलेला असतो. शहापूर तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर सायकलला मज्जाव आहे, दुचाकीलाही. तिथे 'कुणाचा' असे विचारायला माणूसच उभा नाही. खरे सांगायचे तर काही दिवस मला तो रस्ता बरा वाटतो. नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होईल, हा हिशेब हल्लीच्या दिवसांत मनात चालूच असतो. "शहापूरचा" एवढेच सांगून मी अनेकदा पायडल मारले आहे.

एकदा असेच सांगून निघालो, तर एक म्हातारे बाबा सायकलच्या कॅरिअरकडे बघत म्हणाले, "आमच्याकडं एक चाचा यायचा शहापूरवरनं. लुगडी घेऊन. अशीच सायकल."

ते माझे अब्बा.

लुगडी, चोळीचे खण, टॉवेल, पोरांच्या चड्ड्या यांचे गाठोडे कॅरिअरला बांधून अब्बा या वाटेने वर्षानुवर्षे फिरले. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलबाजाराच्या कडेला पथारी टाकायची, बाकीचे दिवस पाडे धरायचे. विक्री उधारीवर. वसुली भात कापल्यावर, कधी पैशात, कधी वरईत, कधी कोंबडीत. मोहाची फुले मात्र घेत नसत. त्यांचे पुढे काय होते हे त्यांना ठाऊक होते. सायकल ॲटलस. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला, तेव्हा अब्बा नव्हते. असते तर बातमी वाचून सीटवरून फडके फिरवले असते.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा ते किन्हवलीच्या पुढे एका कातकरवाडीत वसुलीला गेले होते. मी तीन वर्षांचा. घरी अम्मी आणि रेडिओ. अम्मी सांगायची की त्यानंतरचे चार दिवस तिने चुलीवर काय शिजवले ते तिला आठवत नाही. तिकडे वाडीवर एका म्हाताऱ्याने अब्बांना सांगितले, रस्त्याने जाऊ नको, रस्ता फार गप आहे. सायकल लाकडाच्या भाऱ्यांत घातली, गाठोडे झोपडीत. चार रात्री ठेवून घेतले. नाचणीची भाकर, सुकट. शेवटच्या दिवशी म्हातारीने कोंबडी धरून आणली आणि सुरी अब्बांच्या हातात दिली, "तूच काप. तुमचं जसं असंल तसं."

एवढेच अब्बा सांगत, तेही अम्मीने फार विचारले तर. परत आल्यावर त्यांनी शहापुरात छोटे दुकान टाकले आणि किन्हवलीच्या पुढे पुन्हा कधी गेले नाहीत. भीतीने, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्यांच्या मागे ट्रंकेत उधारीची वही निघाली. सगळी उर्दूत. उर्दूत ळ नाही, ण नाही. त्यामुळे काळू नदी तिथे कालू झालेली, माळावरची वाडी मालावरची. कातकरी बायांची नावे त्या नस्तालीक अक्षरांत वाचताना मला वर्ग घेतल्यासारखे अडखळावे लागले. गावात ती वही वाचू शकणारा माणूस बहुधा मी एकटा असेन. जवळजवळ प्रत्येक पानावर आडवी रेघ आणि 'वसूल'. काही पानांवर 'माफ'. एकाच पानावर दोन्ही नाही. त्या म्हातारीच्या नावावर पंच्याऐंशी रुपये, पुढे कोरे. अब्बा हिशेबाला पक्के होते, विसरले नसणार. माफ लिहिले असते तर चार रात्रींची किंमत पंच्याऐंशी रुपये झाली असती. म्हणून पान उघडे ठेवले असावे, असे मला वाटते. आणि गेले नाहीत तेही त्यामुळेच. उपकार करणाऱ्याच्या दारात वसुलीची वही घेऊन कसे जायचे, आणि फेरीवाल्याने वहीशिवाय कसे जायचे?

यंदा मार्चमध्ये मी गेलो. सायकलनेच. वही पिशवीत. म्हातारा-म्हातारी केव्हाच गेलेली. मुलगा भिवंडीकडे वीटभट्टीवर. घरात सून आणि तिची मुलगी. मुलीची दहावीची परीक्षा चालू, म्हणून दोघी मागे थांबलेल्या. मी कोण ते सांगितले. सासऱ्याकडून लुगडेवाल्या चाचाचे ऐकल्याचे तिला आठवत होते. मग मी, माझी अक्कल, ते पान दाखवायला वही काढली.

तिचा चेहरा बदलला. वाचता येत नसले तरी वही म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. नवरा भट्टीवर जातो तो दिवाळीच्या सुमारास घेतलेली उचल फेडायला. नात्यातल्या एकाची भट्टी मी पाहिली आहे. उचल तिथेही वहीतच लिहितात, आणि ती वही आपल्याच माणसाच्या हातात असते.

"किती राह्यलं होतं?" तिने विचारले.

मी म्हणालो, तसे नाही, बाई. मी पैसे घ्यायला आलेलो नाही.

"किती पण?"

"पंच्याऐंशी."

ती आत गेली. डब्याचा आवाज आला. मी वही घाईघाईने पिशवीत कोंबली आणि अंगणातूनच बोलत राहिलो. चार रात्रींचे, कोंबडीचे, अम्मीच्या रेडिओचे. बोललो ते सगळे खरे होते, पण उंबऱ्यावर उभे राहून ओरडून सांगितल्यासारखे झाले. ती बाहेर आली ती हातात वीसच्या दोन नोटा घेऊन. "बाकीचं मालक आल्यावर. भट्टी बंद झाली की येतील."

मी पैसे घेतले नाहीत. ती दुखावली हे दिसत होते. मुलगी एवढा वेळ सायकलच्या घंटीशी खेळत होती. माझी बाटली रिकामी पाहून तिने हंड्यातून भरून दिली. त्या हंड्याशेजारचे तीन हंडे उपडे होते. टँकर एक दिवसाआड येतो, असे तिनेच सांगितले.

जूनमध्ये पुन्हा निघालो होतो. सापगावच्या पुढे इतका पाऊस आला की चाकाखालचा रस्ता दिसेना, परत फिरलो. मग शाळा, चाचण्या, मोहरमच्या सुट्टीत घरचे आजारपण. आता भात पिवळे पडू लागले आहे. दिवाळीच्या आत जायला हवे. त्यानंतर तो पुन्हा भट्टीवर जाईल. या वेळी वही नेणार नाही. अम्मी म्हणते, ने. तिच्यासमोर पैसे घे, रेघ मार आणि मग जेवायला बस. कोंबडी मात्र इथून घेऊन जा, जिवंत.

कॅरिअरवर जिवंत कोंबडी कशी बांधायची ते मला येत नाही. टपरीवरच्या गृहस्थांना विचारीन म्हणतो.