नाझारकॉयची भट्टी

एफिससचे संगमरवरी खांब मी मन लावून पाहिले. पण तुर्कस्तान म्हटलं की आता डोळ्यांपुढे येते ती इझमिरजवळच्या नाझारकॉय गावातली काचेची भट्टी. दृष्ट लागू नये म्हणून बाळगायच्या, इस्तंबूलच्या दुकानांतल्या प्लास्टिकच्या निळ्या डोळ्यांचा मला वीट आला होता. तोच डोळा इथे आगीतून निघत होता.

बुटकी मातीची भट्टी, आत पाइनची लाकडं. उस्तांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, सळईच्या टोकावर वितळलेली निळी काच घेतली, फिरवून गोल केली, दाबून चपटी केली. तिच्यावर पांढरा थेंब, त्यावर फिका निळा, शेवटी काळं बुबुळ. मणी लगेच कडेच्या कप्प्यात गेला, सावकाश निवायला. घाईनं गार झाला तर तडकतो.

"आणि गळ्यातला तडकला तर?" त्यांच्या भाच्यानं माझा प्रश्न पोचवला.

"मग त्यानं नजर झेलली. नवा घ्यायचा."

मी त्यांना माझ्या आजीची रीत सांगितली. तिन्हीसांजेला मीठ-मोहरी आणि मिरच्या मुलावरून उतरवून चुलीत टाकायच्या. मोहरी तडतडली आणि मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, की दृष्ट जबर होती. उस्तांनी सळई बाजूला ठेवली. त्यांची आई नजर लागलेल्याच्या डोक्यावर चादर धरून वर पाण्याच्या भांड्यात वितळलेलं शिसं ओतायची. ते चर्र करून फुटायचं, आणि त्या आकारात ती नजर शोधायची.

हे सगळं आलं कुठून? सीरियातल्या तेल ब्राकला पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांना १९३७-३८मध्ये मोठाल्या डोळ्यांच्या दगडी मूर्ती ढिगानं सापडल्या. त्या पाच हजार वर्षांहून जुन्या. पण त्या मंदिरातल्या, बहुधा देवाला वाहिलेल्या. त्यांना या मण्याची पणजी ठरवायची घाई मला पटत नाही. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कचं म्हणणं जवळचं वाटतं: डोळ्यांतून काहीतरी बाहेर पडतं आणि समोरच्याला बाधतं. वार डोळ्याचा, तर ढालही डोळ्याचीच.

फोनमधला भाचीच्या बारशाचा फोटो उस्तांना दाखवला. गालावरच्या काळ्या तिटेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "रूपात खोट दिसावी म्हणून?" मी मान डोलावली. आपली तीट नजर चुकवते, त्यांचा मणी नजरेला नजर भिडवतो. मला त्यांचा पवित्रा जास्त आवडला, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.