तीस गॅलनचा समुद्र

अमेरिकेतलं मराठी कुटुंब फ्लोरिडाला निघालं की कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. ऑरलँडोला उतरायचं, तीन-चार दिवस मुलांना डिस्नेमध्ये फिरवायचं, भारतातून आईवडील आलेले असतील तर एक दिवस केनेडी स्पेस सेंटर दाखवायचं, की परतीचं विमान. आमच्याही पहिल्या दोन वाऱ्या अशाच झाल्या. पण ऑरलँडोहून दक्षिणेकडे साडेचार-पाच तास गाडी हाकली की फ्लोरिडाची जमीन संपते आणि 'कीज' नावाची बेटांची माळ सुरू होते. तिकडे सहसा आपली मंडळी फिरकत नाहीत. हा लेख त्या बेटांविषयी आहे, आणि त्यांच्यामुळे आमच्या ओहायोतल्या घरात आलेल्या एका छोट्याशा समुद्राविषयीही.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी करावी, तीत नुसते मासे न ठेवता प्रवाळ वाढवावेत, असं आम्हा चौघांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी काचेला नाक लावून उभं राहिलेल्यांना ही हौस वेगळी समजावून सांगायला नको. मात्र ज्याची नक्कल करायची ते मूळ आधी पाहून घ्यावं, म्हणून २०१९ च्या डिसेंबरात आम्ही की लार्गोला गेलो.

फ्लोरिडा सिटी सोडलं की यू. एस. १ हा रस्ता समुद्रात शिरतो. दोन्ही बाजूंना खारफुटी, मग पाणी, मग पूल. या मार्गाने पूर्वी रेल्वे जात असे. हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीने ती १९१२ मध्ये की वेस्टपर्यंत नेली. १९३५ च्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळाने ती मोडली, आणि १९३८ मध्ये तिच्याच पुलांच्या आधाराने मोटारीचा रस्ता सुरू झाला. इथे पत्ते मैलाच्या दगडावरून सांगतात. शून्याचा दगड की वेस्टला. आपण उलट्या बाजूने येत असतो, म्हणून आकडे उतरत जातात. साधारण १०२ आला की डावीकडे जॉन पेनेकँप कोरल रीफ स्टेट पार्क लागतं. अमेरिकेतलं पाण्याखालचं हे पहिलं उद्यान, १९६३ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. नाव आहे त्यासाठी झटलेल्या 'मायामी हेरल्ड'च्या संपादकाचं.

उद्यानाच्या माहिती-केंद्रात तीस हजार गॅलनची एक भली मोठी टाकी आहे. पण खरी मजा काचेच्या तळाच्या बोटीत. बोट खुल्या समुद्रात प्रवाळांच्या रांगेवर जाऊन थांबते आणि सगळे प्रवासी कठड्याला धरून खाली वाकतात. जांभळे जाळीदार समुद्रपंखे लाटेबरोबर डुलताना दिसले, मेंदूसारख्या वळ्या असलेले गोल प्रवाळ दिसले, खडक कुरतडणारे पोपटमासे दिसले. पण मधूनमधून नुसते राखाडी खडकही लागत होते. धाकटीने विचारलं, "हे दगड रिकामे का?" बोटीवरच्या मार्गदर्शक बाईंनी सरळ सांगितलं, की त्या दगडांवर एके काळी सांबरशिंगासारखे फांद्या फुटलेले प्रवाळ होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रोगाने ते मरत गेले. १९८३-८४ मध्ये शेवाळ खाणारे काळे समुद्री साळू साथीत मेले आणि मोकळ्या झालेल्या जागा शेवाळाने धरल्या.

इथे थोडं प्रवाळाविषयी सांगायला हवं. आपल्याकडे पोवळं म्हणजे मंगळाचं रत्न, आजीच्या माळेतला लाल मणी. ते पोवळं भूमध्य समुद्राकडचं, खोल अंधाऱ्या पाण्यात वाढणारं. उथळ पाण्यात भिंती रचणारे प्रवाळ त्याचे दूरचे नातेवाईक. दोघंही प्राणीच. इवल्याशा तोंडाभोवती बोटं फुटलेले शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुनखडीचं घर बांधत जातात. उथळ पाण्यातल्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळाला आसरा मिळतो, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचे बरेचसे रंगही या बिऱ्हाडकरूचेच. पाणी फार दिवस फार तापलं की दोघांचं बिनसतं. शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. तो तेव्हा मेलेला नसतो, उपाशी असतो. वेळेत पाणी निवलं तर वाचतो.

परत आलो आणि तीन महिन्यांत कोविडने सगळ्यांना घरात बसवलं. टाकीला मुहूर्त मिळाला तो असा.

आमच्या जिन्याखाली एक कोनाडा आहे. त्यात बसेल अशी तयार टाकी मिळेना, म्हणून माप देऊन काचा कापून आणल्या. लांबी २४ इंच, रुंदी १८, उंची १६, म्हणजे जवळजवळ बरोबर तीस गॅलन. काच पाऊण सेंटिमीटरहून जाड, ३/८ इंची, आणि साधी. टेंपर्ड काचेला भोक पाडायला गेलं तर तिचा चुरा होतो. सांधे सिलिकोनचे, पण बुरशीनाशक न मिसळलेल्या, कारण ते औषध जिवांना घातक. सिलिकोन आठवडाभर वाळू दिलं. मग गराजमध्ये वर्तमानपत्रं अंथरून त्यांच्यावर टाकी ठेवली आणि साधं पाणी भरून तीन दिवस कुठे ओल येते का ते पाहिलं. मागच्या बाजूला काळ्या ॲक्रिलिकचा चार इंची कप्पा केला. पंप, हीटर आणि फेस काढून मळ उचलणारं स्किमर हे सगळं त्याच्यामागे, दर्शनी भागात फक्त पाणी. पाणी, खडक, काच धरून वजन साडेतीनशे पौंडांच्या घरात जातं. तेव्हा टेबल-कपाटावर ही टाकी ठेवायची नाही. तिच्यासाठी भक्कम घडवंची हवी.

समुद्राचं पाणी घरी करणं स्वयंपाकापेक्षा अवघड नाही. नळाचं पाणी मात्र थेट चालत नाही. त्यातलं क्लोरीन आणि पाइपांतून येणारा तांब्याचा अंश गाळून काढावा लागतो. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपल्या घरी आरोग्याचं मानतात. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाईंना मात्र तांबं म्हणजे विष. गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ, गॅलनला साधारण अर्धा कप, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. तापमान ७८ फॅरनहाइट.

यानंतर काय करायचं? काहीच नाही. खडक ठेवायचे आणि वाट पाहायची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो मारक. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं बरंच निरुपद्रवी नायट्रेट. हे जीवाणू खडकाच्या छिद्रांत वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. चालू टाकीतला एखादा खडक मिळाला तर काम लवकर होतं. त्याला विरजणच म्हणायला हरकत नाही. आम्हाला ते शेजारच्या गावातल्या एका सद्गृहस्थांनी दिलं. झूमवर भेटणारे मित्र महिनाभर विचारत होते, "अहो, मासे कुठायत?" आणि आम्ही कौतुकाने दगड दाखवत होतो.

पाण्याचा एक धडा मात्र आम्हाला रत्नागिरीच्या माणसाकडून मिळाला. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी. ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना नेहमी आकडे मांडून समजावत असू. २०२२ मध्ये मुलांची आजी आली. आधी म्हणाली, "दगडांना दिवे लावून बसलात होय रे!" आणि लगेच पुढे, "आमटी आटली तर पाणीच घालतात. वर मीठ कोण घालतंय?" तेव्हापासून आम्ही आकडे मांडत नाही.

आज टाकीत दोन क्लाउनफिश आहेत, टाकीतच जन्मलेल्या पिढीतले. एक गोबी, एक झाडू-पोछा करणारी कोळंबी, काही गोगलगाई. 'फाइंडिंग नीमो' पाहिलेली पाहुण्यांची मुलं डोरीची चौकशी करतात. तो निळा मासा फूटभर वाढतो, त्याला आमचा समुद्र पुरणार नाही. प्रवाळ आधी मऊ जातीचे, वर्षभराने कठीण जातीचे. सगळे दुसऱ्या हौशी लोकांनी वाढवलेल्यांचे तुकडे. कढीपत्त्याचं रोप जसं मंडळाच्या कार्यक्रमात या हातातून त्या हातात जातं, तसेच हे तुकडेही फिरतात.

इथपर्यंत ही एका छंदाची गोष्ट होती. २०२३ च्या उन्हाळ्यात ती बदलली.

त्या जुलैत कीजमधलं पाणी भयंकर तापलं. २४ जुलैला की लार्गोजवळच्या मॅनेटी बे या उथळ खाडीतल्या तापमापकाने १०१ फॅरनहाइट दाखवलं, म्हणजे आंघोळीचं कढत पाणी. बाहेरच्या प्रवाळ-रांगेवर इतकं नव्हतं, पण तिथल्या प्रवाळांना साधारण ८७ च्या वर आठवडेच्या आठवडे राहिलं तरी सोसत नाही. मॅरेथॉनजवळच्या सोंब्रेरो रीफवर पाहणीला गेलेल्या कोरल रिस्टोरेशन फाउंडेशनच्या लोकांना सगळे प्रवाळ मेलेले आढळले. आमच्या जिन्याखाली हीटर आणि पंखा मिळून पाणी ७८ वर धरून होते. अर्ध्या अंशाने काटा हलला तरी आम्ही उठून पाहतो. आणि तिकडे अख्ख्या समुद्राचा काटा सरकला होता, त्याला पंखा कोण लावणार?

तरी लोकांनी लावला. पाणबुड्यांनी हजारो प्रवाळ समुद्रातून उचलले आणि लाँग कीवरच्या कीज मरीन लॅबोरेटरीसारख्या ठिकाणी जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवले. ताप उतरल्यावर त्यांतले काही परत समुद्रात गेले. त्या टाक्यांचं कामही आमच्यासारखंच: पाणी थंड ठेवा, मीठ मोजा, शेवाळ पुसा.

या कामाचं मूळ शोधलं तर ते टाकीच्या धंद्यातच सापडतं. फ्लोरिडाच्या समुद्रातून मत्स्यालयांसाठी जिवंत खडक उचलण्यावर बंदी आली, तेव्हा काहींनी ठरावीक जागी साधे दगड समुद्रात टाकून त्यांची शेती सुरू केली. केन नेडिमायर हे की लार्गोकडचे मासे पकडणारे गृहस्थ त्यांतलेच. त्यांच्या दगडांवर सांबरशिंगी जातीचे प्रवाळ आपसूक येऊन रुजले. विकायच्या दगडांवर आलेले ते पाहुणे त्यांनी तोडून तोडून वाढवले, आणि २००७ मध्ये त्यातून ती फाउंडेशन उभी राहिली. पाण्याखाली प्लॅस्टिकच्या नळ्यांची 'झाडं' उभी करून त्यांच्या फांद्यांना प्रवाळाचे तुकडे टांगायचे, आणि वाढले की खडकावर लावायचे, ही त्यांची पद्धत.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही परत गेलो. तीच बोट, तोच काचेचा तळ. पंखे डुलत होते, पोपटमासेही होते. राखाडी दगड मात्र अधिक होते. थोरला आता सोळा वर्षांचा. तो म्हणाला, "आपल्या टाकीत याहून जास्त रंग आहेत." आम्ही कुणीच काही बोललो नाही. हे वाक्य अभिमानाचं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की हे दोन्ही शिंगांसारखे प्रवाळ फ्लोरिडाच्या रांगेवरून व्यवहारापुरते नामशेष झाले आहेत. थोडे उरलेत, पण रांग उभारण्याइतके नाहीत. त्यांच्या कितीतरी वाणांचा वंश आज टिकून आहे तो काचेच्या आड.

म्हणून घरी टाकी करू इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. एक, समुद्रातलं टाकीत आणू नका. मालवण, अंदमान कुठेही किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा बॅगेत घालू नका. भारतात २००१ पासून कठीण प्रवाळांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. दोन, टाकीतलं समुद्रात सोडू नका. कंटाळा आला, घर बदललं, तरी टाकीचं विसर्जन नाही. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडात डेनिया बीचजवळ दिसला. तो कुणाच्या तरी टाकीतून आला असावा असं मानतात. आज तो कॅरिबियनभर इथल्या माशांची पिल्लं फस्त करतो आहे.

बाकी अडचणी नेहमीच्या. हिवाळ्यात वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवा. खडक उघड्या हाताने घासू नयेत आणि गरम पाण्यात तर मुळीच टाकू नयेत. झोअँथिड नावाच्या काही प्रवाळसदृश जिवांत जबर विष असतं. भारतात चार आठवडे जायचं तर किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा, आणि रोज घालायच्या गोड्या पाण्याच्या बाटल्यांवर वारांची नावं लिहून ठेवा.

एवढं सगळं तीस गॅलनसाठी! रोज मीठ, रोज काटा, दर आठवड्याला पाणी बदलणं. कीजचा समुद्र हेच काम हजारो वर्षं कुणाला न सांगता, फुकट करत होता. टाकी करून आम्हाला समुद्र आला नाही. समुद्र किती काम करत होता, हे मात्र कळलं. फ्लोरिडाला याल तेव्हा डिस्नेचा एक दिवस कमी करा आणि १०२ व्या दगडाशी डावीकडे वळा. काचेच्या तळाची बोट अजून जाते.